खरे दिसणे आणि खरे असणे

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझी नात आमच्याकडे आली होती. एके दिवशी दुपारी तिने आपला संगणक माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "आजोबा, हे छायाचित्र कुठले असेल, सांगा पाहू!"

पडद्यावर एक रम्य देखावा होता. निळेशार तळे, काठावर उंच पाइन वृक्ष आणि त्यांच्या सावलीत एक छोटीशी लाकडी कुटी. मी चष्मा पुसून पुनःपुन्हा पाहिले. देखावा सुंदर होता यात शंका नाही. पण काहीतरी खटकत होते. शेवटी मी म्हणालो, "बाळ, हे छायाचित्र नव्हे. या कुटीत कधी कोणी राहिलेलेच नाही."

ती चकित झाली. "तुम्ही कसे ओळखलेत?"

"अग, धुराड्यातून धूर निघतो आहे, पण धुराड्याला काजळीचा स्पर्शही नाही. दाराच्या उंबऱ्यापर्यंत गवत वाढले आहे. मग आत राहणारा माणूस बाहेर पडतो कोठून? आणि साऱ्या फळ्या जणू आजच रंधा मारून बसवल्या आहेत."

नात हसली. ते चित्र तिने संगणकावर तयार केले होते.

मुलांनो, असे चित्र कुंचल्याने रंगवीत नाहीत. ते आधी बांधावे लागते. सुतार घराची चौकट उभी करतो, त्याप्रमाणे चित्रकार लांबी, रुंदी व उंची या तिन्ही मापांनी संगणकात कुटीची चौकट उभी करतो. लहान लहान त्रिकोण-चौकोन जोडून तो भिंती, छप्पर व खिडक्या घडवतो. कोणता पृष्ठभाग लाकडाचा, कोणता विटेचा, कोणता काचेचा, हे ठरवतो. मग आकाशात सूर्य ठेवतो आणि आपण कोठे उभे राहून पाहत आहोत, ती जागा नेमतो. एवढी सिद्धता झाली, की संगणकाचे काम सुरू होते. प्रकाशाचा किरण कोठून आला, कशावर आदळला, किती परतला आणि किती शोषला गेला, याचे गणित तो चित्रातील एकेका बिंदूसाठी करतो. या क्रियेला 'रेंडरिंग' म्हणतात. १९२० बिंदू रुंद आणि १०८० बिंदू उंच अशा नेहमीच्या चित्रातही २० लाखांहून अधिक बिंदू असतात! किरणांचा असा माग काढण्याची एक रीत टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली प्रसिद्ध केली, आणि १९८६ साली जेम्स काजिया यांनी प्रकाशाच्या या साऱ्या येण्याजाण्याचे एक समीकरण मांडले.

परंतु निसर्ग काटकोनात काम करीत नाही. त्याचे दगड ओबडधोबड, त्याच्या फांद्या वेड्यावाकड्या. 'ट्रॉन' या १९८२ सालच्या चित्रपटाचे काम करताना संगणकचित्रांतील गुळगुळीतपणा केन पर्लिन यांना खुपू लागला. पुढे त्यांनी दगड, ढग, लाकूड यांचा नैसर्गिक खडबडीतपणा गणिताने निर्माण करण्याची युक्ती शोधून काढली. त्याबद्दल १९९७ साली त्यांना अमेरिकेतील चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्यापूर्वी, १९६८ साली, आरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञांनी वाढीचे नियम चिन्हांत मांडले होते. एका फांदीला दोन, त्या दोहोंना चार, अशा नियमांनी संगणक आज अरण्येच्या अरण्ये उभी करतो.

"मग माझ्या चित्रात उणे काय राहिले?" नातीने विचारले.

मी म्हणालो, "संगणक तुला कोणतेही झाड देईल, कोणतीही फळी देईल. पण ती विशिष्ट फळी, ते विशिष्ट घर, तो विशिष्ट दिवस तो देणार नाही. ते तूच शोधले पाहिजेस. एखादी खरी कुटी निवड आणि तिचा अभ्यास कर."

आम्ही हेन्री डेव्हिड थोरो यांची कुटी निवडली. थोरो हे अमेरिकेतील विचारवंत. सविनय कायदेभंगावरील त्यांच्या निबंधाचा परिचय गांधीजींनी १९०७ साली दक्षिण आफ्रिकेतील 'इंडियन ओपिनियन' या पत्रात करून दिला होता. कॉन्कॉर्ड गावाजवळ वॉल्डन नावाचे तळे आहे. त्याच्या काठी थोरो यांनी स्वतःच्या हातांनी एक कुटी बांधली आणि ४ जुलै १८४५ रोजी ते तेथे राहावयास गेले. दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवस ते तेथे राहिले. पुढे ती कुटी तेथून हलवली गेली व कालांतराने मोडली. आज मूळ कुटी पाहावयास मिळत नाही.

मग तिचे चित्र काढावे कसे? नातीने पुरावे गोळा करावयास आरंभ केला. थोरो यांनी 'वॉल्डन' या १८५४ सालच्या पुस्तकात सारा हिशेब लिहून ठेवला आहे. कुटी १० फूट रुंद व १५ फूट लांब. दोन्ही बाजूंना एकेक मोठी खिडकी. एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला विटांची चूल. एकंदर खर्च २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. फळ्या नव्या नव्हत्या. एका मजुराची खोपटी सव्वाचार डॉलरांना विकत घेऊन त्यांनी ती उतरवली आणि तिच्या फळ्या उन्हात पसरून वाळवल्या. त्यांची बहीण सोफिया हिने काढलेले कुटीचे चित्र त्याच पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर छापलेले आहे. पुढे १९४५ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, रोलंड रॉबिन्स यांनी तेथील जमीन खणून धुराड्याचा दगडी पाया शोधून काढला. पुस्तकातील शब्दाला मातीने साक्ष दिली!

आठ दिवसांनी नातीने नवे चित्र आणले. जुलै महिन्यातील सकाळ, जुन्या फळ्यांची कुटी, आणि धुराड्यातून निघणारा धूर. मी तिला पुस्तकातील एक पान उघडून दिले. तिने वाचले आणि कपाळावर हात मारला. थोरो यांनी वसंतात धुराड्याचा पाया तेवढा घातला होता. धुराडे बांधले ते शेतीचे काम आटोपल्यावर, शरद ऋतूत. तोवर ते अंगणात जमिनीवर स्वयंपाक करीत असत. जुलैतील कुटीला धुराडे नव्हतेच!

"म्हणजे नुसती कुटी शोधून भागत नाही," ती म्हणाली. "तारीखही शोधावी लागते."

तिने डिसेंबर १८४५ चा अखेरचा आठवडा निवडला. थोरो यांच्या नोंदीप्रमाणे त्या वर्षी २२ डिसेंबरच्या रात्री तळे पूर्णपणे गोठले, आणि २५ नोव्हेंबरपासूनच जमिनीवर बर्फ होते. म्हणून निळे पाणी गेले आणि पांढरे बर्फ आले. धुराडे आले, काजळी आली. थंडीपूर्वी बाहेरून ठोकलेल्या लाकडी चिपा भिंतींवर आल्या. दारापासून पाऊलवाट निघाली. सूर्यही खाली आला. कारण डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजाच्या सुमारे ४७ अंश वर असतो, तर कॉन्कॉर्डला तो सुमारे २४ अंशच वर येतो. त्यामुळे बर्फावर पाइन वृक्षांच्या लांबच लांब सावल्या पडल्या. रात्रभर संगणक गणित करीत होता. सकाळी चित्र पाहिले, तेव्हा क्षणभर मला गारठ्याचा भास झाला.

"आता कोणीही फसेल, नाही आजोबा?" तिने अभिमानाने विचारले.

मी गप्प राहिलो. तीही विचारात पडली. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "पण दाराची कडी मी मनानेच काढली. मागची झाडेही माझ्या अंदाजाची आहेत. कोणी हे खरेच मानले तर?"

मुलांनो, माझ्या दृष्टीने त्या सुटीतील सर्वांत मोलाचा क्षण तो होता. चित्र ओबडधोबड असते, तेव्हा पाहणारा आपोआप सावध राहतो. ते हुबेहूब झाले, की त्याची सावधगिरी सुटते. म्हणून सावध राहण्याची जबाबदारी काढणाऱ्यावर येते. अजून न बांधलेल्या घरांची चित्रेही आज अशीच हुबेहूब काढून ग्राहकांना दाखवतात. खरे दिसणे हा कलेचा गुण आहे. खरे सांगणे हा माणसाचा गुण आहे.

वॉल्डन तळ्याला तळच नाही, असे तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत. थोरो यांनी १८४६ च्या आरंभी बर्फाला भोके पाडून दोरीने खोली मोजली. ती १०२ फूट भरली. अफवेपेक्षा मापावर ज्याचा विश्वास, त्याच्या कुटीचे चित्र खोटे कसे असावे?

नातीने चित्राखाली दोन ओळी लिहिल्या : 'थोरो यांची कुटी, डिसेंबर १८४५. मापे व साहित्य पुराव्यावरून. दाराची कडी व झाडांची मांडणी कल्पनेने.'

ते चित्र आज माझ्या टेबलासमोर लावलेले आहे. येणारा प्रत्येक जण आधी कुटी पाहतो. मी त्याला त्या दोन ओळी दाखवतो.

स्वाध्याय

१. पहिले चित्र छायाचित्र नव्हे, हे आजोबांनी कोणत्या खुणांवरून ओळखले?
२. 'पुस्तकातील शब्दाला मातीने साक्ष दिली' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. जुलै महिन्यातील चित्रात कोणती चूक होती? ती कशी लक्षात आली?
४. चित्र हुबेहूब झाले, की काढणाऱ्याची जबाबदारी का वाढते?
५. ओबडधोबड, हुबेहूब, वेडेवाकडे या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या गावातील एखादे जुने घर नीट पाहा. त्यात कोणी राहत असल्याच्या दहा खुणा लिहून काढा.