पियानोच्या खुंट्या सैल झाल्यात का?

प्रश्न : मडगावच्या घरी आजोबांचा उभा पियानो आहे. सूर लावून घेतले तरी महिनाभरात काही पट्ट्या बेसूर होतात. खुंट्यांची अख्खी फळीच बदला, असा सल्ला मिळाला. तो मानावा का?

उत्तर : आधी मोजून घ्या. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास खुंट्या असतात आणि त्या लाकडात केवळ घर्षणाने टिकतात. ही पकड टॉर्क रेंचने मोजतात. खुंटी जागची सुटतानाचा झटका धरू नका. ती संथ फिरत असतानाचा आकडा घ्या, तोही दोन्ही दिशांनी. सूर चढवताना तारेचा ताण विरोधात असतो, उतरवताना मदतीला येतो. एकाच दिशेचा आकडा म्हणूनच फसवतो. दोन्हींची सरासरी काढा.

नव्या पियानोत पकड साधारण 100 इंच-पाउंडांच्या वर असते, पण 50 लाही सूर नीट टिकतो. 30 च्या खाली मात्र काळजी करावी. मोजणी पावसाळ्यात करू नका! लाकूड फुगलेलं असतं, सैल खुंटीही घट्ट भासते. कोरड्या दिवसांत मोजा.

एका पट्टीच्या तीन तारांपैकी एकच उतरून स्वर लहरत असेल, तर खुंटीवर संशय घ्या. सगळा मधला भाग एकदम सरकला असेल, तर ते दमट हवेचं काम.

मोजक्याच खुंट्या सैल निघाल्या, तर किंचित जाड खुंटी बसवून किंवा पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद सोडून भागतं. त्यासाठी फळी काढायला माझा ठाम विरोध आहे.