गाव हलवावं की तिथंच बांधावं?

प्रश्न : पूरग्रस्त गावाला आमचं मंडळ घरं बांधून देणार आहे. नवी वसाहत बरी की जुनी जागा? (वाचक, राजाजीनगर, बेंगळुरू)

उत्तर : जागा पूररेषेत नसेल, तर जुनीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं हलवली. रुंद, सरळ रस्ते आले. पण गोठा, कडब्याची गंज, भावकीचा शेजार आराखड्यात बसला नाही, कित्येकांची शेतं लांब पडली. दगडमातीच्या जाड भिंतींखालीच माणसं गेली, हा आक्षेप खराच. पण तो दोष बांधकामाचा, जागेचा नव्हे. इतर शेकडो गावांत घरमालकांनीच सरकारी अनुदान आणि अभियंत्यांच्या सल्ल्याने जागेवर घरं मजबूत केली. दरडीखाली गाडल्या गेलेल्या माळीण गावासारखी जागा मात्र सोडावीच लागते. तेव्हा पैसे देण्याआधी गावातल्या बायकांना नकाशा दाखवा, आणि गोठा कुठे हवा ते विचारा.