जुळं असेल तर नववा उजाडायची वाट बघू नये

अगं, नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेब एकट्या बाळाचा. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवडे भरायच्या आत येतात. तेव्हा सातवा लागला की पिशवी भरून दाराशी ठेव. फाईल, सोनोग्राफीचे कागद, रक्तगट, आधार कार्ड. झबली-टोपडी मागाहून कुणीही आणेल.

पोट ताणल्यासारखं वाटलं तर आधी लघवीला जाऊन ये, तांब्याभर पाणी पी, डाव्या कुशीवर पड आणि तळवा पोटावर ठेव. पोट दगडासारखं घट्ट होतं, मग सैल पडतं, ती एक कळ. ती सुरू झाली की घड्याळ बघायचं, पुढची सुरू झाली की पुन्हा बघायचं. खोट्या कळा कूस बदलली की विरतात. खऱ्या येतच राहतात, जवळजवळ येतात. दहा-दहा मिनिटांवर आल्या की निघायचं. पाच मिनिटांवर येईस्तोवर घरी थांब, हे पूर्ण दिवसांच्या बाईला सांगतात, तुला नाही. नुसती कंबर भरून आली, खाली जड वाटलं, अंगावरून लालसर गेलं, बाळांचं फिरणं मंदावलं, तरी निघायचं. लघवीला जळजळ असेल तर आजच सांग. त्या संसर्गानेही कळा सुरू होतात.

पाणी गेलं तर आवराआवर करत बसू नकोस. पुढचं बाळ आडवं किंवा पायाळू असलं तर पाण्यामागून नाळ घसरू शकते. गाडीतही कुशीवर आडवंच पडून जायचं.

लवकर जायचं ते का? ३४ आठवड्यांच्या आत कळा आल्या तर बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शनं देतात. त्यांचा गुण यायला दिवसभर तरी लागतो. कळा थोपवायच्या गोळ्या महिना काढून देत नाहीत, फार तर दोन दिवस. पण त्या दोन दिवसांवरच सगळं असतं. मोठ्या दवाखान्यात हलवायचं तेही बाळं पोटात असतानाच. पेटीतून नेण्यापेक्षा ते केव्हाही बरं. म्हणून सांगते, माहेरच्या गावाजवळ नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नसेल तर बाळंतपणाला तिकडे जाऊ नकोस. आईलाच इकडे बोलव. रुसली तर रुसू दे.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही’ असं कुणी म्हणालं तर कानाआड कर. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो. एरंडेल कुणी दिलं तर घ्यायचं नाही. आणि दिवसरात्र खाटेवर पडून राहिल्यानं जुळं थांबत नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. झेपेल तेवढं घरात हिंड-फिर.

बाळं पेटीत गेली तरी चीक वाया घालवू नकोस, थेंबभर आला तरी काढून पाठव. दूध आलंच नाही तर दुधाच्या बँकेची चौकशी कर. मुंबईत सायनच्या रुग्णालयात ती १९८९ पासून आहे.

रात्री-अपरात्री गाडी मिळाली नाही तर १०८ ला फोन लाव, पैसे पडत नाहीत. फोनवर पहिलं वाक्य हेच सांग: जुळं आहे, दिवस भरलेले नाहीत.