आउटबोर्ड यंत्राच्या दांतेचाकांची परीक्षा

थळपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर शेती सांभाळून खाडींत जाळें टाकणारे आमचे बरेच बांधव आहेत. त्यांच्या लहान होड्यांस आउटबोर्ड यंत्र असतें. त्याच्या पाण्याखालील भागांतील दांते तुटले, तर इंजिन चालू असूनहि होडी हालत नाहीं; आणि हें खाडीच्या तोंडाशीं ओहोटीच्या ओढींत घडलें, तर जिवावर बेततें. म्हणून हा बिघाड आधींच कसा ओळखावा, तें सांगतों.

प्रथम रचना पाहूं. अष्टागरांतील वाड्यांत पूर्वीं रहाट चालत. बैल आडवा फेरा घेई व गाडग्यांची माळ उभी फिरे. हें काटकोनांतील वळण दांत्यांनीं साधे. येथेंहि तसेंच आहे. उभ्या दांड्याच्या टोंकाचें लहान चाक पुढील व मागील अशा दोन चाकांस सतत फिरवितें. पंख्याच्या दांड्यावरील सरकता खटका ज्या चाकांत अडकेल, त्या दिशेस होडी जाते.

१. तेल.—यंत्र उभें ठेवून खालचा बूच, मग वरचा काढावा. तेल दुधाळ असल्यास सीलमधून पाणी शिरलें असें समजावें. पंख्यामागें गुंडाळलेला तंगुसाचा धागा बहुधा सील कापतो. बुचाच्या लोहचुंबकावर करडा मऊ लगदा दिसणें ही नेहमींची झीज होय. टोंचणारे कपचे आढळल्यास दांता वा बेअरिंग फुटलें आहे.

२. आवाज.—केवळ पुढें जातांना कटकट झाल्यास पुढील चाकाचा, केवळ मागें जातांना झाल्यास मागील चाकाचा संशय घ्यावा. न्यूट्रलमध्येंहि घरघर राहिल्यास उभ्या दांड्याचें चाक व बेअरिंग पहावें.

३. सुटणें.—जोर देतांच गिअर सुटून धक्के बसल्यास खटक्याच्या कडा झिजल्या असाव्यात. मात्र आधीं गिअरच्या सळईची जुळणी तपासावी.

४. घसरणें.—इंजिन वेगानें फिरून होडी मंद चालल्यास दांत्यांस दोष देण्याची घाई नको. दांड्याच्या टोंकावर व पंख्यावर जुळती खूण करावी. फेरीनंतर खुणा सरकल्या, तर पंख्याचा रबरी बुशच घसरत आहे.

पंखा हातानें फिरविण्यापूर्वीं प्लगच्या तारा अवश्य काढाव्यात. नवें तेल खालच्या छिद्रांतून, वरून बाहेर येईपर्यंत भरावें, म्हणजे आंत हवा कोंडत नाहीं. नंतर आधीं वरचा, मग खालचा बूच नव्या वायसरासह बसवावा.

ही परीक्षा पावसाळ्यासाठीं यंत्र ठेवण्यापूर्वींच करावी. कारण आंत राहिलेलें पाणी दोन महिन्यांत बेअरिंगांस गंज चढवितें. आमचें आयुष्य दप्तरांत गेलें, म्हणून एवढेंच सुचवितों : तेल बदलल्याची तारीख व निघालेल्या तेलाचा रंग वहींत टिपावा. सीलचा खर्च थोडा, दांतेचाकांचा मोठा. कोणता करावयाचा, तें ती वही वेळीं सांगेल.