आधी वडगाव दर्या, मग बेलम

बाळा, दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन आंध्रातल्या गुहा बघायला निघालायस, जरूर जा. पण मिरजगावातून थेट बेलम गाठण्याआधी आपल्याच जिल्ह्यातलं वडगाव दर्या करून ये. पारनेर तालुक्यात, कान्हूर पठारच्या अंगाला. उभा जन्म भूगोल शिकवण्यात गेला, तेव्हा एवढा आग्रह मला शोभतो.

आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, थरावर थर बसले, त्याचा हा बेसॉल्ट. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबूस होतं आणि चुनखडकाला विरघळवत पोखरत जातं. बेसॉल्ट असा विरघळत नाही, म्हणून मैलभर लांबीच्या गुहा आपल्याकडे नाहीत. पण बेसॉल्टमध्येही कॅल्शियम असतंच. खडक झिजतो, पाणी ते घेऊन भेगांतून उतरतं, आणि कपारीत थेंब लोंबकळला की त्यातला वायू उडून चुना मागं राहतो. दर्याच्या गुहेतले लवणस्तंभ असेच थेंबाथेंबानं घडलेत. आपल्या बांधावर नांगराला लागते ती चुनखडीसुद्धा याच घराण्यातली. निघण्याच्या आदल्या दिवशी तिचा एक खडा धुऊन पोरांच्या हातात दे आणि वर लिंबू पिळायला सांग. बारीक बुडबुडे येतात, कान जवळ नेला तर चरचरही ऐकू येते. एवढं बघितलेलं पोर गुहेत गेल्यावर नुसतं फोटो काढत हिंडत नाही, प्रश्न विचारतं.

दर्यात पायऱ्या उतरून दरीत जायचं आहे. दर्याबाई-वेल्हाबाईचं देवस्थान आहे ते, सहलीचं ठिकाण नंतर. दर्शन आधी, लवणस्तंभ मग. नवरात्रात आणि देवीच्या वारी जाशील तर गर्दीत दगड दिसायचा नाही. मधला वार धर. भर उन्हाळ्यात झिरपा आटतो, पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या. दिवाळीनंतरचे दिवस मला पसंत. पायात पट्ट्याची सँडल किंवा बूट, स्लीपर नको. मोबाईलच्या उजेडावर विसंबू नकोस, एक चांगली बॅटरी ने आणि ती समोरून न मारता बाजूनं धर. तिरप्या उजेडात स्तंभाच्या वळ्या उठून दिसतात.

हात लावायचा नाही, हे पोरांना घरीच बजाव. बोटाचं तेल बसलं की त्या जागी चुना नीट धरत नाही, डाग मात्र कायमचा राहतो. असा स्तंभ बोटभर वाढायला माणसाच्या कित्येक पिढ्या जातात. कुणी 'आठवण म्हणून' टवका काढताना दिसलं तर तोंड मिटून बसू नकोस. हळदीकुंकू वाहायचं ते देवीला, दगडाला नव्हे. हे सूनबाईंनी सांगितलं तर बायका ऐकतील, तुझं ऐकायच्या नाहीत.

माकडं फार. कॅरीबॅग वाजली की आलीच समजा. डबा गाडीत ठेव, आणि पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नकोस. कौतुकानं खायला घालणाऱ्यांनीच त्यांना लुटारू केलंय.

त्याच दिवशी निघोजचे रांजणखळगेही होतात. ते चुन्याचं काम नाही. कुकडीच्या भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे गरागरा फिरून पात्रातल्या बेसॉल्टला रांजणासारखे खड्डे पाडतात. वरून पाणी शांत दिसतं, पण आतल्या भिंती गुळगुळीत, पडलेल्याला धरायला काही नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याचीही तिथं मात्रा चालत नाही. काठावर पाठ करून सेल्फी नको, शेवाळावर पाय नको. दुपारी काळा दगड तापतो, सकाळीच जा. परतताना शिरूरवरून श्रीगोंद्याच्या वाटेनं ये.

मग खुशाल बेलमला जा. तो खरा चुनखडकाचा मुलूख. गुहा सव्वातीन किलोमीटर लांब, त्यातली दीड किलोमीटर लोकांना खुली. आपल्या दारातला रस्ता सोलापूरला जातो. तिथून रेल्वेनं रायचूर, गुंतकल करत ताडिपत्री, पुढं तासाभराची गाडी. आत गारवा असेल म्हणून स्वेटर नेऊ नकोस. हवा दमट, घामानं अंग चिंब होतं. सुती कपडे घाल. काही ठिकाणी वाकून जावं लागतं. तुझ्या सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांना बाहेर सावलीत बसव आणि सोबतीला एक माणूस ठेव. भिडेखातर आत ओढू नकोस. दिव्यांची रंगीबेरंगी रोषणाई मला कधी आवडली नाही, दगडाचा मूळ रंगच कळत नाही. पण पोरांना आवडेल, तेव्हा तिथं माझी टीका सांगत बसू नकोस.

आणि हो, निघोजला जायच्या आदल्या रात्री गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन कर, येडगाव धरणातून नदीत पाणी सोडलंय का ते विचार. सोडलं असेल तर निघोज रद्द, नुसतं दर्या करून दिवेलागणीच्या आत घरी ये.