नाव एक, नोंदी अनेक

संगणकशास्त्राला कला शाखेच्या विद्यार्थ्याने लांबूनच नमस्कार करावा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. माझीही होती. इतिहास हा माझा विषय. गणिताशी दहावीनंतर संबंध सुटला तो कायमचा, असे मी मानून चाललो होतो. परंतु मागील वर्षी एका कचेरीत माझी शिष्यवृत्ती अडली आणि त्या निमित्ताने एका संगणकशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या कार्याचा परिचय झाला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घडले ते असे. माझ्या नावात 'ज्ञ' हे अक्षर आहे. शाळेच्या प्रमाणपत्रावर त्याचे इंग्रजी रूप 'डी-एन-वाय' असे झाले, तर बँकेच्या पुस्तकात 'जी-वाय' असे. गावाच्या नावाचीही तीच गत. देगलूरच्या इंग्रजी लेखनात कुणी एक 'यू' घालतो, तर कुणी जोड 'ओ'. संगणकाने दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या आणि ही दोन वेगळी माणसे आहेत, असा निर्णय दिला. खिडकीतले गृहस्थ भले होते. ते म्हणाले, "तुम्ही तुम्हीच आहात, हे मला दिसतंय हो. पण यंत्राला दिसत नाही, त्याला मी काय करू?" प्रतिज्ञापत्र झाले, फेऱ्या झाल्या. पैसे चार महिने उशिरा मिळाले. तोवर खोलीचे भाडे एका मित्राने भरले.

त्या वाक्याने मात्र माझी पाठ सोडली नाही. मला जे दिसते ते यंत्राला दिसावे, असे काही करता येईल काय?

माहिती-खनन म्हणजे काय?

या प्रश्नाचा विचार ज्या ज्ञानशाखेत होतो, तिला इंग्रजीत 'डेटा मायनिंग' म्हणतात. आपण तिला माहिती-खनन म्हणू. साठलेल्या अफाट नोंदींतून उपयोगी आणि आधी ठाऊक नसलेला संबंध शोधून काढणे, हे तिचे काम. या विषयावरची पहिली विचारगोष्ठी अमेरिकेतील डेट्रॉइट येथे 1989 साली भरली.

आपल्या मोंढ्याजवळच्या एखाद्या किराणा दुकानाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, दहा पावत्या समोर आहेत. सहा पावत्यांवर चहापत्ती आहे, सातांवर साखर आहे आणि पाचांवर दोन्ही आहेत. म्हणजे ही जोडी शेकडा 50 पावत्यांत आढळते, आणि चहापत्ती घेणाऱ्या सहांपैकी पाचांनी, म्हणजे सुमारे शेकडा 83 गिऱ्हाइकांनी, साखरही घेतली. एकूण गिऱ्हाइकांत साखर घेणारे शेकडा 70 आहेत. तेव्हा चहापत्ती आणि साखर यांचा काही संबंध असावा, असे म्हणण्यास जागा आहे. मात्र मीठ दहाही पावत्यांवर असते, तर 'चहापत्ती घेणारा प्रत्येक जण मीठ घेतो' हे विधान खरे असूनही त्याला अर्थ नसता. मीठ सगळेच घेतात!

दुकानात 100 जिनसा असतील, तर दोन-दोनच्या जोड्या 4,950 होतात आणि तीन-तीनचे गट 1,61,700. सगळे मोजत बसणे यंत्रालाही जड जाते. राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी 1994 साली यावर एक साधी युक्ती मांडली. जी जोडीच क्वचित आढळते, ती ज्या तिकडीत आहे ती तिकडीही क्वचितच आढळणार. मग ती मोजायची कशाला? आपला दुकानदार हेच अंदाजाने करीत असतो. यंत्र ते लक्षावधी पावत्यांवर करते, एवढाच फरक.

एका प्राध्यापिकेची वाटचाल

याच क्षेत्रात महाराष्ट्रात राहून ज्यांनी मोलाचे काम केले, त्यांत मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्रा. सुनीता सरावगी यांचे नाव अग्रभागी आहे. त्या मूळच्या ओडिशातील बालासोरच्या. खरगपूरच्या आय. आय. टी.तून त्यांनी 1991 मध्ये पदवी घेतली आणि 1996 मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे तीन वर्षे त्यांनी आय. बी. एम.च्या अल्माडेन संशोधनकेंद्रात काम केले. वर उल्लेखिलेल्या अग्रवाल यांच्यासमवेत त्यांचे शोधनिबंध त्याच काळातले. 1999 साली त्या मुंबईस आल्या आणि अध्यापन करू लागल्या. 2019 चे अभियांत्रिकी व संगणकशास्त्राचे इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळाले.

मला त्यांच्या दोन कामांविषयी लिहावयाचे आहे. दोन्ही मुंबईत आल्यानंतरची आहेत आणि दोन्हींचा आपल्यासारख्यांच्या जीवनाशी निकटचा संबंध आहे.

पत्त्याचे कोडे

विनायक बोरकर, कौस्तुभ देशमुख आणि सरावगी यांचा एक निबंध 2001 साली प्रसिद्ध झाला. प्रश्न असा की, सलग लिहिलेल्या पत्त्यातून घर, रस्ता, वस्ती, गाव आणि पिन हे भाग यंत्राने वेगळे कसे काढावेत? अमेरिकेत पत्त्याचा साचा बराचसा ठरलेला असतो. आपल्याकडे 'मारुतीच्या देवळामागे, जुन्या मोंढ्याजवळ, देगलूर' हाही पत्ताच असतो आणि पोस्टमन त्यावर बिनचूक येतो! 1972 साली सुरू झालेला पिन, म्हणजे आपला 431717, पुष्कळदा लिहिलेलाच नसतो. अशा पत्त्यांना नियमांच्या चौकटीत बसवू गेले, तर नियमांपेक्षा अपवादच अधिक व्हायचे.

म्हणून त्यांनी नियम सांगण्याऐवजी उदाहरणे दाखवण्याचा मार्ग धरला. काही पत्ते माणसाने हाताने तोडून दाखवायचे. त्यावरून कोणत्या भागामागून कोणता भाग येण्याचा संभव किती, आणि कोणत्या भागात कोणते शब्द येतात, हे यंत्राने शिकायचे. नवा पत्ता आला की सर्वांत संभवनीय तोडणी निवडायची.

या पद्धतीचे मूळ एका काव्यात आहे, हे वाचून मला नवल वाटले. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी 1913 साली पुश्किनच्या 'येवगेनी अनेगिन' या पद्य-कादंबरीतील 20,000 अक्षरे मोजली. त्यांत 8,638 स्वर निघाले, म्हणजे शेकडा सुमारे 43. परंतु स्वरामागून लगेच स्वर येण्याचे प्रमाण शेकडा 13 च्या आतच होते, आणि व्यंजनामागून स्वर येण्याचे 66 च्या वर. पुढचे अक्षर मागच्या अक्षरावर अवलंबून असते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. काव्याच्या मोजणीतून निघालेली ही कल्पना अठ्ठ्याऐंशी वर्षांनी भारतीय पत्त्यांच्या उपयोगी पडली. कला आणि विज्ञान यांच्यातील भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही.

शंका विचारणारा विद्यार्थी

दुसरे काम म्हणजे थेट माझ्याच दुखण्यावरचे औषध. सरावगी आणि अनुराधा भमिडिपाटी यांनी 2002 साली ते मांडले. एकाच व्यक्तीच्या किंवा वस्तूच्या वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेल्या नोंदी यंत्राने ओळखाव्यात कशा?

येथेही यंत्राला शिकवावे लागते. 'ही जोडी एकच, ही वेगळी' असे दाखवत जायचे. अडचण अशी की, केवळ 1,000 नोंदी घेतल्या तरी त्यांच्या 4,99,500 जोड्या होतात. एवढ्या कोण तपासणार? आणि त्यांतील बहुतेक उघडउघड वेगळ्या असतात. त्यांतून शिकण्यासारखे काहीच नसते. म्हणून या दोघींनी शिकवण्याचा क्रमच उलटा केला. एक नव्हे, अनेक परीक्षक यंत्रात तयार करायचे. ज्या जोडीवर त्यांचे एकमत होते, ती सोडून द्यायची. ज्या जोडीवर मतभेद होतो, तेवढीच माणसापुढे ठेवायची आणि उत्तर मिळाले की शिकून पुढे जायचे. अशा मोजक्या जोड्यांतून यंत्र बरेच काही शिकते.

हे वाचताना मला वर्ग आठवला. सगळे समजल्यासारखी मान डोलवणारा विद्यार्थी शिक्षकाला काहीच सांगत नाही. नेमकी शंका विचारणारा विद्यार्थी मात्र तासाचे सोने करतो. आयुष्य शिकवण्यात घालवणाऱ्या व्यक्तीला अशी पद्धत सुचावी, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

दोन प्रकारच्या चुका

तरीही यंत्र चुकणारच. आणि चूक दोन प्रकारची असते. एकाच माणसाचे दोन केले, तर माझ्यासारख्याला हेलपाटे पडतात. दोन माणसांचे एक केले, तर एकाच्या वाट्याचे धान्य किंवा पैसे दुसऱ्याच्या खाती जमा धरले जातात आणि पहिल्याला त्याचा पत्ताही नसतो. एक चूक कमी करू गेले की दुसरी वाढते. कोणती किती पत्करायची, हा गणिताचा प्रश्न नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे.

आणि आपल्या भागात हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा आहे. आपला तालुका तेलंगण आणि कर्नाटक यांच्या सीमेवरचा. घरात मराठी, बाजारात तेलुगू, पाहुण्यांकडे कन्नड, असे इथे सहज चालते. मराठी माणूस ज्याला 'द्न्य' म्हणतो, त्याला तेलुगू आणि कन्नड माणूस 'ग्न्य'च्या जवळ नेतो. 1948 पर्यंत येथे निजामाची राजवट होती. त्या काळचे दप्तर उर्दूत. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. वाचणाऱ्याने ते मनाने भरायचे. पुढे मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला; दप्तर मराठीत आले आणि त्यावर इंग्रजीचा थर चढला. एका नावाची चार रूपे होतात ती कुणाच्या निष्काळजीपणामुळेच होतात असे नाही. त्यात या प्रदेशाचा सारा इतिहास उतरलेला असतो.

म्हणूनच माझे निवेदन असे की, हे काम केवळ संगणक शिकलेल्यांचे नव्हे. कोणत्या लिपीतून कोणता स्वर गळतो, कोणत्या भाषेत कोणते अक्षर कसे उच्चारतात, हे यंत्राला उदाहरणांतून दाखवावे लागेल. आणि ती उदाहरणे भाषेचे व इतिहासाचे विद्यार्थीच देऊ शकतील. यंत्र मतभेद होताच थांबून माणसाला विचारते, हा प्रा. सरावगींच्या पद्धतीचा गाभा आहे. माझ्या बाबतीत यंत्राने विचारले नाही, आणि खिडकीतल्या गृहस्थांना उत्तर ठाऊक असूनही ते सांगण्याची सोय नव्हती. ती सोय ठेवणे एवढे जरी आपण शिकलो, तरी पुढच्या वर्षी एखाद्या विद्यार्थ्याला खोलीच्या भाड्यासाठी मित्रापुढे हात पसरावा लागणार नाही.