फॉरेन्सिकला जायचंय? आधी रसायनशास्त्र पक्कं करा

'मला फॉरेन्सिकला जायचंय' म्हणणारी मुलं हल्ली बरीच भेटतात. शेजारी बसलेले आईवडील हळूच विचारतात, 'पण यात नोकरी आहे का?' दोघांनीही आधी तिथलं काम समजून घ्यावं.

रेल्वेत चहा-बिस्किटातून गुंगीचं औषध देऊन प्रवाशाला लुटलं जातं. अशा वेळी त्याच्या रक्तात अल्प्राझोलम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम अशी औषधं शोधायची असतात. एक मिलिलिटर रक्तात ती बऱ्याचदा शंभर नॅनोग्रॅमहूनही कमी भरतात. नमुना म्हणून खास कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंबही चालतो. नवजात बाळांच्या तपासणीसाठी रॉबर्ट गथ्री यांनी ही पद्धत 1960च्या दशकात रूढ केली, पुढे ती विषशास्त्रातही आली. रक्त वाळलं की जिवाणू आणि विकरं थंडावतात, त्यामुळे बरीच औषधं जास्त टिकतात. कागदाचा तीन मिलिमीटरचा गोल तुकडा कापला, तर त्यात रक्त असतं जेमतेम तीन मायक्रोलिटर. त्यातून द्रावकानं औषध बाहेर काढायचं, क्रोमॅटोग्राफीनं घटक वेगळे करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये रेणू फोडून तुकड्यांच्या वस्तुमानावरून तो ओळखायचा.

यंत्र आकडा देतं, अर्थ माणसालाच लावावा लागतो. क्लोनाझेपामचं शरीरात आणि साठवलेल्या रक्तातही 7-अमिनोक्लोनाझेपाम होतं. हे ठाऊक नसलेला विश्लेषक मूळ औषधच शोधत राहील आणि अहवालात 'आढळले नाही' असं लिहील. लाल पेशींचं प्रमाण बदललं की थेंब कागदावर कमी-जास्त पसरतो आणि मोजमाप चुकतं. शिवाय सापडलेली गोळी डॉक्टरांनीच दिलेली असू शकते. एका चुकीच्या ओळीनं निरपराध माणूस तुरुंगात जाईल, हे भान ज्याला पेलतं त्यानंच इकडे यावं.

म्हणूनच, विषशास्त्र करायचं तर बी.एस्सी. रसायनशास्त्रात करा, मग विश्लेषणात्मक रसायनशास्त्र किंवा फॉरेन्सिकमध्ये एम.एस्सी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरच्या राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठाचं केंद्र गोव्यातही आहे.

आता नोकरीचं. पोलीस ज्याला 'सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट' म्हणतात, तो मुंबईतल्या कलिनाच्या आणि विभागीय न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळांतून येतो. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, त्यामुळे काम वाढणारच. पण सरकारी भरतीच्या एकाच जाहिरातीवर विसंबू नका. हेच कौशल्य औषध कंपन्या, अन्नतपासणी आणि खेळाडूंच्या उत्तेजक चाचण्यांनाही लागतं.

पालकहो, फी भरण्याआधी त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्वतः जा आणि विचारा, 'एचपीएलसीवर, म्हणजे क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर, मुलांना स्वतःच्या हातानं काम करू देता का?' उत्तर 'नाही' आलं, तर दुसरं कॉलेज बघा.